दार लावलं का, हे कुणी विचारायचं?

६ मार्च १९८७, शुक्रवार. बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून 'टाउनसेंड थोरेसन' कंपनीची 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही बोट इंग्लंडातल्या डोव्हरला जायला निघाली, तेव्हा ग्रिनिच वेळेनुसार संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पाच मिनिटं उशीरच झाला होता. समुद्र शांत होता, पूर्वेचा मंद वारा होता. सहा चोवीसला बोटीने बंदराचा बाहेरचा बांध ओलांडला आणि सहा अठ्ठावीसच्या सुमारास ती डाव्या कुशीवर आडवी झाली. बोटीवर ४५९ प्रवासी, ८० कर्मचारी, ८१ मोटारी, ४७ मालट्रक आणि आणखी तीन वाहनं होती. १९३ माणसं गेली. बोटीचं नाळेकडचं दार, म्हणजे अगदी पुढचं, सताड उघडं होतं.

या अपघातात गूढ असं काहीच नाही. वादळ नव्हतं, हिमनग नव्हता, खडक नव्हता, यंत्रही बिघडलं नव्हतं. दार उघडं राहिलं, पाणी आत आलं, बोट उलटली. त्यामुळे 'काय झालं' हे दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. 'कुणामुळे झालं' हे ठरवायला इंग्लंडला साडेतीन वर्षं लागली, आणि फौजदारी न्यायालयातून शेवटी जे उत्तर बाहेर पडलं ते असं : कायद्याने शिक्षा करता येईल असं कुणीच नाही.

हे उत्तर चुकीचं आहे असं मला वाटतं. पण ते का आलं, हे समजून घ्यायचं तर आधी बोट समजून घ्यायला हवी.

रो-रो म्हणजे काय हे आता आपल्याकडे सांगावं लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जाता येतं तेव्हापासून हा शब्द घरचाच झाला आहे. गाडी चालवत आत, आणि पोचल्यावर चालवत बाहेर. हेरल्ड याच जातीची, पण बरीच मोठी : सुमारे १३२ मीटर लांब, १९८० साली जर्मनीत ब्रेमरहाफेनला बांधलेली. वाहनांसाठी तिला दोन मजले होते. खालचा, मुख्य मजला 'जी डेक', वरचा 'ई डेक'. नाळेला आणि मागे दारं. जी डेक हा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता, मध्ये एकही आडवी भिंत नाही. भिंती असत्या तर ट्रक आत कसे जाणार? एरवी जहाजाचं पोट आडव्या भिंतींनी कप्प्याकप्प्यांत विभागलेलं असतं ते एवढ्यासाठी, की एका कप्प्यात पाणी शिरलं तरी ते तिथेच अडकावं. रो-रोच्या गाडीमजल्यावर ही सोय मुळातच सोडून दिलेली असते. तिथलं संरक्षण एकच, ते म्हणजे दार.

पाणी किती आलं यापेक्षा ते कुठे पसरलं याला अशा वेळी महत्त्व असतं. परातीत चार भांडी पाणी घेऊन चालायला लागलं की परात हातात ठरत नाही. तेवढंच पाणी घागरीत असेल तर डोक्यावरून नेता येतं. रुंद, मोकळ्या मजल्यावर पाण्याचा पातळ थर पसरला आणि बोट थोडी जरी कलली, तर सगळं पाणी त्याच कुशीला धावतं. मग कल वाढतो, आणखी पाणी तिकडे जातं. शेकडो टन वजन काही सेकंदांत जागा बदलतं. हेरल्ड आधी सुमारे ३० अंश डावीकडे झुकली, क्षणभर थोडी सावरली आणि मग गेली ती पूर्ण आडवीच. नशीब एवढंच, की खाली वाळूचा दांडा होता. ती त्यावर टेकली आणि उजवी अर्धी कूस पाण्याबाहेर राहिली. खोल पाण्यात असती तर वाचलेल्यांपैकी फारच थोडे वाचले असते. जे गेले त्यांतले बरेच अंधारात, तीन अंशांच्या आसपासच्या पाण्यात, थंडीने गेले.

पण दार उघडं असूनही बोट वीस मिनिटं धक्का सोडून, वळून, बंदरातून ठीकठाक बाहेर आली होती. मग चार मिनिटांत काय झालं? इथे तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि त्यांतली एकही त्या संध्याकाळी नव्याने घडलेली नव्हती.

पहिली म्हणजे झीब्रुगचा धक्का. हेरल्ड मुळात डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले या मार्गासाठी बांधलेली. कॅलेला दोन्ही मजल्यांवर एकाच वेळी गाड्या चढवता येतील असे दुमजली उतार होते. झीब्रुगला एकच उतार. त्या दिवशी उधाणाची भरती, आणि भरतीच्या पाण्यावर बोट इतकी वर आली की उतार वरच्या ई डेकपर्यंत पोचेना. यावर रोजचा तोडगा ठरलेला : नाळेकडच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं आणि बोटीचं तोंड खाली दाबायचं. गाड्या चढल्या की ते पाणी उपसायचं. पण उपसायचा पंप लहान, वेळ लागायचा. वेळेत निघायचं म्हणून बोट पाणी उपसत उपसतच निघायची. म्हणजे त्या संध्याकाळी हेरल्ड समुद्रात शिरली ती तोंड खाली घालून, मागच्यापेक्षा पुढे जवळजवळ तीन फूट जास्त बुडालेली. मोठा पंप बसवा, अशी मागणी जहाजावरून झाली होती. २५,००० पौंडांचा खर्च कंपनीला परवडण्यापलीकडचा वाटला.

दुसरी, वेग. बांध ओलांडल्यावर कप्तानाने तिन्ही इंजिनांचा वेग वाढवला. बोट जोरात पाणी कापू लागली की नाळेसमोर लाट उभी राहते. उथळ पाण्यात बोट आणखी खाली बसते, कारण तळाखालून वाहणाऱ्या पाण्याचा दाब कमी होतो. सावकाश जाताना उघड्या दाराच्या उंबऱ्याखाली राहिलेली लाट वेग वाढताच उंबऱ्यावरून आत आली. नंतर जुळ्या बोटीवर आणि छोट्या प्रतिकृतींवर चाचण्या घेतल्या, त्यांतही हेच दिसलं. ती हळू चालली असती तर कदाचित कुणाच्या तरी लक्षात आलं असतं, दार लागलं असतं, आणि या बोटीचं नाव आज कुणाला माहीत नसतं. (पूर्वी दार उघडं ठेवून निघालेल्या बोटी बचावल्या होत्या. त्याकडे येतोच.)

तिसरी गोष्ट दाराची घडण. काही बोटींचं नाळेकडचं दार शिरस्त्राणाच्या झडपेसारखं वर उचललं जातं. ते उघडं असेल तर ब्रिजवरून, म्हणजे बोट हाकायच्या खोलीतून, समोर डोंगरासारखं दिसतं. हेरल्डची दारं कपाटासारखी, दोन्ही बाजूंना आडवी सरकणारी, आणि ब्रिजच्या कितीतरी खाली. तिथून ती उघडी आहेत की बंद, हे दिसायची काहीही सोय नव्हती. कप्तानासमोर एक दिवासुद्धा नव्हता.

आता माणसांकडे.

दार लावायचं काम असिस्टंट बोसनचं. बोसन म्हणजे आपल्याकडच्या खलाशांचा सारंग, आणि असिस्टंट बोसन म्हणजे त्याचा टिंडल. झीब्रुगला पोचल्यावर या माणसाने साफसफाई-दुरुस्तीच्या कामावर देखरेख केली, सारंगाने त्याला मोकळं केलं, तो आपल्या खोलीत गेला आणि त्याला झोप लागली. 'आपापल्या जागी जा' ही घोषणा स्पीकरवर झाली ती त्याला ऐकूच आली नाही. खलाशांची पाळी तेव्हा २४ तास कामाची आणि ४८ तास सुटीची असे. त्याला जाग आली ती बोट कलल्यामुळे बिछान्यातून बाहेर फेकला गेला तेव्हा. आपण कामावर हजर नव्हतो हे त्याने चौकशीत सरळ मान्य केलं. या सगळ्या प्रकरणात इतक्या सरळपणे बोललेली माणसं फार नाहीत.

सारंग जी डेकवरून शेवटी निघालेला माणूस. शेवटची गाडी चढल्यावर त्याने साखळी लावली, उघड्या दारापासून काही पावलांवर उभा राहून, आणि तो आपल्या ठरलेल्या जागेवर गेला. दार लावणं किंवा ते लावायला कुणी आलंय का हे पाहणं आपलं काम कधीच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांना ही वृत्ती आवडली नाही, आणि वाचताना आपल्यालाही राग येतो. पण ज्याने कुठल्याही मोठ्या कचेरीत काम केलंय त्याला हे वाक्य अनोळखी नाही.

चीफ ऑफिसर गाड्या चढवण्यावर देखरेख करत होता. १९८४ सालच्या लेखी सूचनेनुसार जी डेकवर गाड्या चढवणाऱ्या अधिकाऱ्याने बोट बंदरातून निघताना दारं बंद झाल्याची खात्री करायची होती. झिजत झिजत या सूचनेचा अर्थ उरला तो एवढाच : दाराच्या बटनापाशी असिस्टंट बोसन आला आहे ना, ते बघायचं. आणि तेही नेहमी होत नसे, कारण दुसरी लेखी सूचना सांगत होती की निघण्याआधी साधारण पंधरा मिनिटं याच अधिकाऱ्याने ब्रिजवर असायला हवं. गाड्या शेवटच्या मिनिटापर्यंत चढत असतात. एकच माणूस एकाच वेळी खाली जी डेकवर आणि वर ब्रिजवर कसा असणार? कॅले मार्गावर कप्तानाशिवाय तीन डेक अधिकारी असत, म्हणून निभावून जाई. झीब्रुगचा प्रवास लांबचा, साडेचार तासांचा, वाटेत विश्रांती मिळते असं म्हणून कंपनीने तिथे दोनच ठेवले होते. त्या दिवशी गाड्यांच्या रांगांतून दाराच्या बटनांकडे येणारा एक माणूस चीफ ऑफिसरला दिसला. तो असिस्टंट बोसनच, असं धरून तो वर गेला.

आणि कप्तान. त्याने काही विचारलं नाही, त्याला कुणी काही सांगितलं नाही. बोट निघाली.

इथे थांबून कंपनीच्या कायम हुकमांमधला एक नियम नीट वाचायला हवा. त्याचा आशय असा : खातेप्रमुखांनी आपल्या खात्यात काही उणीव आढळली तर ती कप्तानाला ताबडतोब कळवावी, असं काही कळवलं गेलं नाही तर निघायच्या वेळी बोट सर्व दृष्टींनी प्रवासाला तयार आहे असं कप्तान गृहीत धरेल.

माझ्या मते ती १९३ माणसं या नियमाने मारली. नियम दिसायला निरुपद्रवी आहे, कचेरीच्या भाषेत तर सोयीचाच. पण त्याने केलं काय? शांततेला होकाराचा अर्थ दिला. जो झोपला आहे तोही काही कळवत नाही आणि ज्याचं काम चोख झालंय तोही काही कळवत नाही. ब्रिजवर दोन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात. उलट नियम असता, 'दार बंद झालं असं कुणीतरी बोलल्याशिवाय दोर सोडायचे नाहीत', तर झोपलेल्या माणसाचा पत्ता पाच मिनिटांत लागला असता. त्यासाठी पैसे लागत नव्हते, यंत्र लागत नव्हतं. एक टेलिफोन आणि एक वाक्य पुरलं असतं.

आता कुणी म्हणेल, कप्तानाला अक्कल नव्हती का? होती. आणि समुद्राचा कायदा शतकानुशतकं हेच सांगत आलाय की जहाजावर जे होईल त्याला कप्तान जबाबदार. न्यायाधीशांनीही त्याला सोडलं नाही. पण हा कप्तान बाकीचे सगळे कप्तान जे करत होते तेच करत होता. हेरल्डवर एक नव्हे, आळीपाळीने पाच कप्तान येत. अधिकारी तर सतत बदलत. अपघाताआधीच्या काही महिन्यांत, सप्टेंबर १९८६ अखेर ते जानेवारी १९८७ च्या सुरुवातीपर्यंत, तीसहून अधिक वेगवेगळे डेक अधिकारी या एका बोटीवर येऊन गेले. ज्येष्ठ कप्तानाने याबद्दल कंपनीला लेखी कळवलं होतं : बोटीला कायमची माणसं द्या. ज्या घरात रोज नवा भाडेकरू, त्या घराला कडी कोण लावतो हे कुणाच्या अंगवळणी पडणार?

आणि किनाऱ्यावरून घाई चालूच होती. ऑगस्ट १९८६ मध्ये झीब्रुगच्या व्यवस्थापकाने काढलेला एक मेमो चौकशीत पुढे आला. अधिकारी पुरेशा वेगाने काम करत नाही असं वाटलं तर त्याच्यावर दबाव आणा, उशिरा निघणं चालणार नाही, आपल्याला पंधरा मिनिटं आधीच निघायचंय, असा त्याचा सूर. आता हा मेमो वरच्या नियमाशेजारी ठेवा. अडचण असेल तर सांगा, नाहीतर सगळं ठीक धरू, हा एक कागद. आणि अडचण सांगितलीत तर उशीर होईल, उशीर चालणार नाही, हा दुसरा.

कप्तानांनी कंपनीला लिहिलेली आणि कंपनीने फेटाळलेली पत्रं हा या प्रकरणाचा सगळ्यात वाचनीय आणि सगळ्यात संतापजनक भाग. परवानगीपेक्षा जास्त प्रवासी चढवले जातात, अशी तक्रार एकाहून अधिक कप्तानांनी पुन्हापुन्हा केली. बोट पाण्यात किती बुडाली आहे हे नीट मोजता येत नाही, ही तक्रार होती. प्रत्यक्षात मोजलंच जात नसे आणि नोंदवहीत मनचे आकडे पडत. ट्रकवाल्यांनी सांगितलेली वजनं खरी नसतात, हेही सर्वांना अंदाजाने माहीत होतं. चौकशीच्या वेळी तपासलं तर खरी वजनं जाहीर वजनांपेक्षा जास्तच भरली.

आणि दिवा. ऑक्टोबर १९८३ मध्ये कंपनीचीच जुळी बोट 'प्राइड ऑफ फ्री एंटरप्राइज' डोव्हरहून पुढची-मागची दोन्ही दारं उघडी ठेवून निघाली होती. कारण? असिस्टंट बोसन झोपला होता. म्हणजे अपघाताची रंगीत तालीम साडेतीन वर्षं आधी, त्याच कारणाने, झाली होती. तेवढंच नव्हे, कंपनीच्या बोटी दार उघडं ठेवून निघाल्याचे निदान पाच प्रसंग चौकशीत नोंदले गेले. ते सगळ्या कप्तानांपर्यंत पोचवावेत असं कुणाला वाटलं नाही. जून १९८५ मध्ये त्याच प्राइडच्या कप्तानाने लेखी विचारलं : दारं उघडी आहेत की बंद हे दाखवणारे दिवे ब्रिजवर बसवता येतील का? हा कागद कचेरीत फिरला आणि त्यावर शेरे पडले. एकाने लिहिलं, कल्पना छान, पण त्यासाठी आपण आधीच एका माणसाला पगार देतो ना? दुसऱ्याने विचारलं, डेकवरचा स्टोअरकीपर जागा आहे आणि शुद्धीवर आहे हे कळायलाही आता दिवा लागणार का? माय गुडनेस! ऑक्टोबर १९८६ मध्ये हेरल्डच्या ज्येष्ठ कप्तानाने पुन्हा विषय काढला. उत्तर आलं की दार बंद करणारा खलाशी बटनापाशी उभा राहून ते बंद होताना बघतच असतो, मग ब्रिजवर दाखवायचं कशाला? हे उत्तर आणि अपघात यांच्यात पाच महिनेही नाहीत.

अपघातानंतर काही दिवसांतच कंपनीच्या उरलेल्या बोटींवर हे दिवे बसले.

औपचारिक चौकशी न्यायमूर्ती शीन यांनी केली. २९ दिवस साक्षी झाल्या, आणि जुलै १९८७ मध्ये अहवाल आला. असिस्टंट बोसन, चीफ ऑफिसर आणि कप्तान या तिघांचे दोष त्यात स्पष्ट नोंदले आहेत. सगळ्यात जवळचं कारण त्यांनी मानलं ते चीफ ऑफिसरने दार बंद झाल्याची खात्री न करणं हे. कप्तानाचा परवाना एक वर्ष आणि चीफ ऑफिसरचा दोन वर्षं निलंबित झाला. पण अहवाल गाजला तो पुढच्या भागाने. वरपासून खालपर्यंत ही कंपनी गलथानपणाच्या रोगाने ग्रासलेली होती, असं शीन यांनी लिहिलं. संचालकांना आपली कर्तव्यं काय हेच नीट उमगलेलं नव्हतं. बोटी सुरक्षित कशा चालवायच्या हा प्रश्न संचालक मंडळात कुणाचाच नव्हता.

कुणाचाच नव्हता, हे पुढे कंपनीच्या पथ्यावर पडलं.

ऑक्टोबर १९८७ मध्ये डोव्हरच्या मृत्युचौकशीत ज्यूरीने १८७ मृत्यूंबाबत 'बेकायदेशीर हत्या' असा निकाल दिला. नातेवाइकांच्या रेट्याने १९८९ मध्ये सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. आरोपी सात व्यक्ती आणि आठवी खुद्द कंपनी. एव्हाना तिचं नावही बदललं होतं. अपघाताच्या काही आठवडे आधीच पी अँड ओ या बड्या समूहाने ती विकत घेतली होती. लोकांच्या तोंडी असलेलं 'टाउनसेंड थोरेसन' हे नाव पुसून 'पी अँड ओ युरोपियन फेरीज' झालं. बोट वाळूवरून उचलली गेली, तिला 'फ्लशिंग रेंज' असं नाव मिळालं, आणि त्या नावाने ती ओढत तैवानला मोडीत नेली.

जून १९९० मध्ये न्यायमूर्ती टर्नर यांनी एक महत्त्वाचं पाऊल टाकलं : कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालू शकतो, असं त्यांनी ठरवलं. आणि चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्यांनीच ज्यूरीला कंपनीला आणि पाच वरिष्ठांना निर्दोष सोडायला सांगितलं. उरलेल्या दोघांविरुद्धचा खटला सरकारपक्षाने पुढे चालवला नाही. ते दोघे म्हणजे चीफ ऑफिसर आणि असिस्टंट बोसन.

अडलं कुठे? इंग्लिश कायद्यात तेव्हा असं मानलं जाई की कंपनीला स्वतःचं मन नसतं. तिचा मेंदू म्हणजे तिच्या शिखरावरची माणसं. कंपनी दोषी ठरायची तर त्या शिखरावरचा निदान एक माणूस स्वतःच्या वैयक्तिक वागणुकीने मनुष्यवधाचा दोषी ठरायला हवा. याची थोडी चूक, त्याची थोडी, तिसऱ्याचा शेरा, चौथ्याचा मेमो, असं गोळा करून एक गुन्हा बनवता येत नाही. त्यात भर म्हणजे धोका 'उघड' होता हे सिद्ध करायचं होतं, आणि साक्षीला आलेले अनुभवी कप्तान सांगत होते की हजारो फेऱ्यांत हा विचार आपल्याही मनात आला नव्हता.

या तर्कात कायद्याच्या अंगाने खोट काढणं कठीण आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ बघा. ज्या कंपनीत सुरक्षिततेची जबाबदारी एका संचालकाच्या गळ्यात बांधलेली असेल, ती अडकेल. जिने ती कुणालाच दिलेली नसेल, ती सुटेल. गलथानपणा जितका पसरलेला तितका बचाव भक्कम. पुढे १९९४ मध्ये इंग्लंडात सदोष मनुष्यवधासाठी पहिली कंपनी दोषी ठरली, ती लाइम बेच्या किनाऱ्यावर मुलांना होड्या वल्हवायला नेणारी छोटीशी संस्था होती. चार मुलं दगावली होती. तिथे मेंदू आणि हात एकाच माणसाचे, त्यामुळे शोधायला अवघड गेलं नाही. हा विरोधाभास मोडायला २००७ साल उजाडलं. त्या वर्षी झालेल्या आणि एप्रिल २००८ पासून लागू झालेल्या कायद्याने एका दोषी संचालकाचा शोध सोडून कंपनीचा कारभार वरून कसा चालवला जात होता हे तपासायची वाट मोकळी केली. हेरल्डच्या मृतांना त्याचा उपयोग नव्हता. कायदा मागे जाऊन लागत नाही.

समुद्रावरचे लोक मात्र न्यायालयासाठी थांबले नाहीत. ब्रिजवर दारांचे दिवे आणि कॅमेरे १९८९ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत सक्तीचे झाले. मग १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता आली आणि १ जुलै १९९८ पासून प्रवासी बोटींना बंधनकारक झाली. आपल्या मर्चंट नेव्हीतला कुठलाही मराठी अधिकारी ती 'आयएसएम' या नावाने ओळखतो, बऱ्याचदा कपाळाला हात लावून, कारण तिच्यापायी तपासयाद्या आणि फायली वाढल्या. मुंबईत मुख्यालय असलेलं नौवहन महानिदेशालय भारतीय जहाजांना प्रमाणपत्रं देतं ती याच संहितेखाली. त्या फायलींच्या ढिगात एक कलम फार मोलाचं आहे. प्रत्येक कंपनीने किनाऱ्यावर एक माणूस नेमायचा, त्याला कंपनीच्या सर्वोच्च पातळीपर्यंत थेट पोच द्यायची, आणि जहाजावरच्या कुणालाही सुरक्षिततेबाबत त्याच्याकडे जाता आलं पाहिजे. १९८५ चा तो दिव्याचा कागद आज या माणसाच्या टेबलावर जाईल. त्यावर 'माय गुडनेस' छापाचा शेरा मारायचा तर तो आपल्या सहीनिशी मारावा लागेल, आणि वर संचालकांना ती सही दिसेल.

दिवे सक्तीचे झाल्यावर पाच वर्षांनी, २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री, बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' ही रो-रो बोट बुडाली. ८५२ माणसं गेली. तिचं नाळेकडचं झडपेसारखं दार लाटांच्या माऱ्याने कुलपं तुटून निखळलं आणि जाताना आतला उतारही ओढून उघडा करून गेलं. ब्रिजवर दारांचे दिवे होते. पण त्यांना जोडलेली कळ अशा ठिकाणी बसवलेली होती, की झडप गळून पडली तरी ब्रिजला त्याचा पत्ता लागू नये. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आत येणारं पाणी दिसलं ते खाली इंजिनच्या नियंत्रण खोलीत.

म्हणून आता दिवा असला तरी माणसाने तोंडाने सांगायचं असतं. दार बंद करणारा रेडिओवर सांगतो : नाळेचं दार बंद, कड्या लागल्या. ब्रिजवरचा अधिकारी तेच शब्द त्याला परत ऐकवतो, दिवा बघतो, पडदा बघतो आणि वेळ नोंदवहीत लिहितो. त्यानंतरच दोर सोडायचे.